फळ्याचा फोटो नको, फळा हवा

वेळापत्रकाचा फोटो पाठवला की ते वेळापत्रक त्या क्षणापुरतंच खरं असतं. पुढे वक्त्याची तब्येत बिघडते, पावसाने घाट बंद होतो, सभागृहाची वीज जाते आणि कार्यक्रम गुरुवारचा शनिवारी होतो. आपण नवा फोटो काढतो, नवा संदेश पाठवतो. जुना फोटो मात्र परत बोलावता येत नाही. तो एका गटातून दुसऱ्या गटात फिरतच राहतो, आणि कुणीतरी आजोबा गुरुवारी संध्याकाळी रिक्षा करून, काठी टेकत बंद दारापाशी पोचतात. त्यांचा हेलपाटा होतो आणि आपल्याला उत्तर सुचत नाही.

कृष्णाकाठच्या एका गावात, सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे पाच नियम शिकावे लागतात. त्यांचं ते पुस्तक १९३१ साली आलं. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. पुस्तकांची मांडणी, तालिका, देवघेवीची खिडकी या सगळ्याला तो नियम लावायला आम्हाला शिकवलं गेलं. मला वाटतं, वाचनालयाच्या कार्यक्रमांनाही तो तितकाच लागू आहे. वाचकाला कार्यक्रमाची तारीख शोधत बसावं लागू नये आणि तारीख बदललेली त्याला बंद दारापाशी कळू नये. त्यासाठी आज एक साधं, फुकट आणि कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं साधन उपलब्ध आहे: सामायिक ऑनलाइन कॅलेंडर. ते आपल्या फोनला किंवा संगणकाला जोडून घेणं, म्हणजे सबस्क्राइब करणं, हा या लेखाचा विषय आहे.

फळा एक, पाहणारे अनेक

आमच्या वाचनालयाच्या दारात अजूनही काळा फळा आहे. आजचा कार्यक्रम, उद्याची सुट्टी, नव्याने आलेली पुस्तकं असं त्यावर रोज खडूने लिहिलं जातं. फळ्याचा मोठा गुण असा, की त्यावरची तारीख पुसून नवी लिहिली की ती सगळ्यांसाठीच बदलते. उणीव एकच: तो वाचायला दारापर्यंत यावं लागतं.

सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर ही उणीव दूर करतं. फळा वाचनालयातच राहतो, लिहिणारा हातही तोच राहतो. फक्त तो घरबसल्या दिसू लागतो. आम्ही इथे वेळ साडेसहाची सात केली, की पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या जुन्या सभासदाच्या फोनमध्येही काही वेळाने सात होतात. त्याला काही करावं लागत नाही, आम्हालाही त्याला काही पाठवावं लागत नाही.

फोटो पाठवणं हे फळ्याचं चित्र काढून देण्यासारखं आहे. कॅलेंडरची फाइल एकदाच उतरवून घेणं, म्हणजे इम्पोर्ट करणं, हेही शेवटी चित्रच; फक्त ते फोनच्या कॅलेंडरमध्ये नीट मांडलेलं असतं. मूळ फळ्यावर पुढे काय बदललं हे त्या प्रतीला कधीच कळत नाही. ‘इम्पोर्ट’ आणि ‘सबस्क्राइब’ हे दोन पर्याय बहुतेक ॲपमध्ये जवळजवळ असतात आणि लोक पहिला निवडतात. महिन्याभराने विचारतात, ‘मॅडम, तुमचं कॅलेंडर माझ्याकडे बदलत का नाही?’ तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो: फाइल उतरवून घेतली होती, की पत्ता जोडला होता?

फाइलच्या आत

हा ऑनलाइन फळा म्हणजे इंटरनेटवरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवलेली साध्या मजकुराची फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘.आयसीएस’ असतं. संगणकाच्या नोटपॅडमध्ये उघडली तर ती डोळ्यांनी वाचता येते. प्रत्येक नोंद ‘बिगिन व्हीइव्हेंट’ या ओळीने सुरू होते आणि ‘एंड व्हीइव्हेंट’ने संपते. मधे ‘समरी’पुढे कार्यक्रमाचं नाव, ‘लोकेशन’पुढे ठिकाण, ‘डीटीस्टार्ट’ आणि ‘डीटीएंड’पुढे सुरुवातीची व शेवटची वेळ. आणखी एक ओळ असते ‘यूआयडी’ची. ती त्या नोंदीची कायमची ओळख. तारीख बदलो, जागा बदलो, व्याख्यानाचा विषय बदलो, ओळख तीच राहते. त्यामुळे फोनला कळतं, की हा नवा कार्यक्रम नाही, जुनाच पुढे सरकला आहे. तो दोन नोंदी दाखवत नाही.

तुमचा फोन किंवा तुमच्या कॅलेंडरची सेवा ठरावीक काळाने त्या पत्त्यावर जाते, फाइल पुन्हा वाचते आणि तुमच्याकडची यादी तिच्याशी जुळवून घेते. सगळी किमया एवढीच. म्हणून अशा कॅलेंडरमध्ये तुम्हाला स्वतःला काही खोडता किंवा लिहिता येत नाही. ते फक्त वाचण्यासाठी असतं.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कार्यक्रमांसाठी या फाइलमध्ये नियम लिहिण्याची सोय आहे. आमच्या वाचक मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. त्यासाठी वर्षाच्या बारा नोंदी कराव्या लागत नाहीत. ‘दर महिन्याला, दुसरा शनिवार’ एवढा नियम एका ओळीत मावतो. एखाद्या महिन्यात बैठक नसेल तर तेवढा दिवस वगळता येतो. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, हे सगळे ‘दरवर्षी’ या एका शब्दात बसतात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक बारकावा माहीत करून घ्यावा. या फाइलमधली एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब असू नये, लांब झाली तर मोडून पुढच्या ओळीवर न्यावी, असा संकेत आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीतलं अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे मराठी ओळ पंचविसाव्या चिन्हापाशीच भरते. फाइल बनवणारं सॉफ्टवेअर निष्काळजीपणे लिहिलेलं असेल, तर ते एखादं चिन्ह मधेच चिरतं आणि व्याख्यानाच्या नावात चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात. प्रचलित मोठ्या सेवा हे काम नीट करतात. पण संस्थेने स्वतःचं संकेतस्थळ बनवून घेतलं असेल, तर बनवणाऱ्याकडून लांब मराठी शीर्षक टाकून ही चाचणी जरूर करून घ्यावी.

कुणा एकाचं नसलेलं साधन

हे साधन मला जवळचं वाटतं याचं एक कारण त्याच्या इतिहासात आहे. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या ‘व्हर्सिट’ नावाच्या गटाने १९९६ मध्ये ‘व्हीकॅलेंडर’ नावाची पद्धत मांडली. तिच्यातून पुढे ‘आयकॅलेंडर’ तयार झालं. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ते १९९८ मध्ये आरएफसी २४४५ या क्रमांकाने प्रसिद्ध केलं. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी फ्रँक डॉसन लोटस कंपनीत होते आणि डेरिक स्टेनर्सन मायक्रोसॉफ्टमध्ये. बाजारात एकमेकींसमोर उभ्या असलेल्या कंपन्यांच्या माणसांनी तारीख कशी लिहायची यावर एकमत केलं. २००९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आरएफसी ५५४५ म्हणून आली आणि आजही तीच पायाभूत आहे.

२००२ मध्ये ॲपलने ‘आयकॅल’ आणलं आणि ‘वेबकॅल’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर बोट ठेवून कॅलेंडर जोडून घेण्याची रीत लोकांच्या हातात आली. एप्रिल २००६ मध्ये गूगल कॅलेंडर आलं आणि ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर नाही अशा छोट्या संस्थांनाही स्वतःचं कॅलेंडर प्रसिद्ध करणं शक्य झालं. भाषा सामायिक असल्यामुळे आम्ही गूगलवर लिहिलेलं कॅलेंडर आयफोनवर, आउटलुकमध्ये किंवा थंडरबर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही दिसतं. आमच्या सभासदाने कुठला फोन घ्यावा हे आम्ही ठरवत नाही.

जोडायचं कसं?

आयफोनवर कॅलेंडर ॲप उघडा, ‘कॅलेंडर्स’वर जा, ‘ॲड कॅलेंडर’ आणि मग ‘ॲड सबस्क्रिप्शन कॅलेंडर’ निवडा. तिथे संस्थेने दिलेला पत्ता चिकटवा आणि ‘सबस्क्राइब’ दाबा. पत्ता ‘वेबकॅल’ने सुरू होत असेल, तर त्यावर नुसतं बोट ठेवलं तरी फोन विचारतो.

अँड्रॉइड फोनवर लोक अडतात, कारण गूगल कॅलेंडरच्या ॲपमध्ये असा पत्ता टाकायला जागाच नाही. एकदा संगणकावर बसून ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडायचं. डाव्या बाजूला ‘अदर कॅलेंडर्स’ असं दिसतं, त्याच्या शेजारच्या अधिक चिन्हावर टिचकी मारायची, ‘फ्रॉम यूआरएल’ निवडायचं आणि पत्ता चिकटवायचा. मग त्याच खात्याच्या फोनमधल्या यादीत ते नाव येतं. त्यापुढच्या चौकोनात खूण आहे ना आणि सिंक चालू आहे ना, एवढं पाहायचं. ज्येष्ठ सभासदांसाठी आम्ही वाचनालयातल्या संगणकावर हे करून देतो. सेवानिवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी आधी नको म्हणत होते. पुढे एकदा व्याख्यानाची तारीख बदलली आणि त्यांच्या फोनमध्ये ती आपसूक बदललेली त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वयाच्या चार जणांना घेऊन ते आले आणि म्हणाले, ‘बाई, यांचंही करून द्या.’

आउटलुकमध्ये ‘ॲड कॅलेंडर’मधून ‘सबस्क्राइब फ्रॉम वेब’ निवडावं लागतं. थंडरबर्डमध्ये नवं कॅलेंडर घेताना ‘ऑन द नेटवर्क’ हा पर्याय असतो. मॅकवर ‘फाइल’ मेन्यूत ‘न्यू कॅलेंडर सबस्क्रिप्शन’ आहे, आणि तिथे फाइल किती वेळाने पुन्हा वाचावी हेही ठरवता येतं: दर पाच मिनिटांपासून आठवड्यातून एकदापर्यंत.

उशीर धरूनच चालावं

बदल लगेच दिसतो अशी समजूत करून घेऊ नये. फाइल किती वेळाने वाचायची हे वाचणारी सेवा ठरवते. पत्त्यावरून जोडलेल्या कॅलेंडरमधला बदल दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात, असं गूगल स्वतःच सांगतं. दोघांचीही खाती गूगलची असतील आणि कॅलेंडर थेट एकमेकांशी शेअर केलं असेल, तर बदल बराच लवकर दिसतो, कारण तिथे फाइल मधे येत नाही.

म्हणून आम्ही वाचनालयात एक शिस्त ठेवली आहे. दोन दिवस आधी झालेला बदल कॅलेंडरमध्ये लिहिला की पुरतो. त्याच दिवशी झालेला बदल कॅलेंडरमध्ये लिहायचाच, शिवाय फळ्यावर लिहायचा, संदेश पाठवायचा आणि ज्यांना दुरून यायचं आहे त्यांना फोन करायचा. संध्याकाळी सहाला दुपारी चारची बातमी पोचवण्यासाठी हे साधन बनलेलंच नाही. त्याचं बळ सावकाश आणि न चुकता पोचण्यात आहे.

न्यू जर्सीतली सकाळ

मे महिन्यात आमच्याकडे वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेल्या व्याख्यानमालेचा वारसा महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी आपापल्या परीने चालवला आहे, त्यातलंच आमचं एक गाव. आता व्याख्यान ऑनलाइनही दाखवतो, आणि गावातून परदेशी गेलेली मुलं-मुली ते पाहतात.

आमची वेळ संध्याकाळी साडेसहाची. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात, लंडनमध्ये दुपारचे दोन. पण हाच कार्यक्रम आम्ही डिसेंबरात ठेवला, तर न्यू जर्सीत आठ आणि लंडनमध्ये एक वाजलेला असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात; ब्रिटनमध्ये ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. भारतात घड्याळ हलत नाही. म्हणजे मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास काही दिवस असे येतात, की लंडनचा हिशेब वेगळा आणि न्यू जर्सीचा वेगळा बदललेला असतो. हे तोंडी सांगायला गेलं तर कुणाची तरी एका तासाने चुकामूक होणारच.

कॅलेंडरच्या फाइलमध्ये साडेसहाची वेळ एकतर ‘एशिया/कोलकाता’ या कालविभागासह लिहिलेली असते, नाहीतर जागतिक वेळेत १३०० अशी. न्यू जर्सीतला फोन ती वाचून स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो. तिथल्या मुलीने ‘काकू, आपल्याकडचे साडेसहा म्हणजे आमचे किती?’ असं विचारायचं कारण उरत नाही. आपण फक्त कॅलेंडर सुरू करताना त्याचा कालविभाग भारताचा आहे ना, हे पाहायचं.

पूर्ण दिवसाच्या नोंदीत मात्र कालविभाग नसतो, आणि तो नसावाच. १ मे हा महाराष्ट्र दिन न्यू जर्सीतल्या मराठी घरातही १ मेच असतो. या नोंदींत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फाइलमधली शेवटची तारीख धरायची नसते. १ ते ३ मेच्या बालशिबिराची शेवटची तारीख फाइलमध्ये ४ मे अशी असते. ॲपमध्ये नोंद केली तर ते आपोआप सांभाळलं जातं. पण कुणी एक्सेलच्या तक्त्यातून फाइल बनवत असेल, तर तिथे हमखास एक दिवस कमी-जास्त होतो.

तिथी नियमात बसत नाही

सामायिक कॅलेंडर आपल्या समाजाला विशेष उपयोगी का आहे, हे सण पाहिले की कळतं. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. साधारण अकरा दिवस मागे सरकत जाणारी तारीख २०२३ मध्ये एकदम पुढे गेली, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. ‘दरवर्षी अमुक तारखेला’ असा नियम इथे लिहिताच येत नाही.

तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते. चंद्र सूर्यापासून १२ अंशांनी पुढे गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग सारखा नसल्याने तिथी कधी १९ तासांची, तर कधी २६ तासांची असते, आणि ती मध्यरात्री सुरू होत नाही. संकष्टीला तर चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी आहे का, हे पाहतात. चंद्रोदय मुंबईत आणि नागपुरात एकाच मिनिटाला होत नाही, आणि अमेरिकेत कधी कधी संकष्टीची तारीखच वेगळी येते. इतर कालगणनांप्रमाणे पुनरावृत्ती लिहिता यावी म्हणून २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ही जोड दिली गेली. पण आपलं पंचांग त्यातही बसत नाही, कारण इथे नुसते महिने मोजून भागत नाही, आकाशाचं गणित करावं लागतं आणि स्थळही धरावं लागतं.

तेव्हा दरवर्षी कुणीतरी जाणकाराने गणित करून तारखा काढायच्या आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर विसंबायचं, हीच आपली जुनी रीत आहे. भिंतीवरच्या छापील दिनदर्शिकेने हे काम घरोघरी पोचवलं. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघतं आहे. सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर तीच रीत फोनमध्ये आणतं. गूगल आणि ॲपलच्या कॅलेंडरमध्ये भारतातल्या सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर जोडता येतं. पण संकष्टी किंवा एकादशीचं कॅलेंडर जोडताना ते कुठल्या गावासाठी काढलं आहे, हे आधी पाहावं. उपास करणाऱ्या माणसाला एका दिवसाची चूक लहान नसते.

लिहिणाऱ्याने घ्यायची काळजी

जोडून घेणाऱ्याचं काम दोन मिनिटांचं असतं. खरी जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, आणि या कामाची चार पथ्यं मला मोलाची वाटतात.

पहिलं: रद्द झालेल्या कार्यक्रमाची नोंद पुसू नये. पुसली की ती गुपचूप नाहीशी होते, आणि ज्याच्या मनात तारीख पक्की बसली आहे तो येतोच. नोंद तिथेच ठेवून नावाआधी ‘रद्द’ लिहावं. पुढे ढकलला असेल तर जुन्या तारखेवर ‘आता शनिवारी’ असं लिहून शनिवारी वेगळी नोंद करावी.

दुसरं: नावाची सुरुवात नेमक्या शब्दाने करावी. फोनच्या महिन्याच्या पानावर नोंदीची पहिली काही अक्षरंच दिसतात. सगळ्या नोंदी ‘वसंत व्याख्यानमाला, पुष्प दुसरे’ अशा सुरू झाल्या, तर आठवडाभर ‘वसंत व्या…’ एवढंच दिसत राहतं. विषय आधी, मालेचं नाव नंतर.

तिसरं: ठिकाणाच्या रकान्यात पूर्ण पत्ता लिहावा. ‘वरचा हॉल’ हे गावातल्या माणसाला कळतं, साताऱ्याहून पहिल्यांदा येणाऱ्याला नाही. पूर्ण पत्ता असला की त्यावर बोट ठेवून नकाशा उघडता येतो. वरच्या मजल्यावर जायला जिना आहे की लिफ्ट, हेही तपशिलात लिहावं; गुडघे दुखणारी माणसं ते आधी वाचतात.

चौथं: कॅलेंडर संस्थेच्या खात्यात असावं, कुणा एकाच्या खासगी खात्यात नाही. कार्यवाह बदलतात, उत्साही तरुण नोकरीसाठी शहरात जातात, आणि कॅलेंडर त्यांच्यासोबत निघून जातं. पत्ता बदलला की जोडलेल्या सगळ्यांचा धागा तुटतो आणि त्यांना ते कळतही नाही; त्यांच्याकडे नुसती रिकामी पानं दिसत राहतात. लिहिण्याचा अधिकार किमान दोघांना द्यावा आणि पासवर्ड कार्यालयाच्या कपाटात ठेवावा.

कुणाला काय दिसतं?

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्हॉट्सॲपच्या गटात शिरलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या वाचक मंडळातल्या काही मुलींनी आणि बायकांनी याच कारणाने गटात यायला नकार दिला होता, आणि त्यांचं बरोबर होतं. सार्वजनिक कॅलेंडर जोडून घेताना नंबर द्यावा लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. कुणी जोडून घेतलं याची यादी आम्हालाही दिसत नाही. ज्या बाईला व्याख्यानाला यायचं आहे पण ओळख द्यायची नाही, तिच्यासाठीही दार उघडं राहतं.

उलट बाजूही सांगायला हवी. कॅलेंडर सार्वजनिक केलं की त्यातली प्रत्येक नोंद जगाला वाचता येते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, कुणाचं आजारपण, कुणाच्या घरचा पत्ता असलं काहीही त्यात लिहू नये; त्यासाठी वेगळं, खासगी कॅलेंडर ठेवावं. गूगल प्रत्येक कॅलेंडरला एक गुप्त पत्ताही देतं. तो ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येतं, म्हणून तो गटात टाकू नये. चुकून गेलाच, तर सेटिंगमध्ये तो बदलून घेता येतो. घरातल्या माणसांना केवळ ‘या वेळी मोकळी नाही’ एवढंच दाखवायचं असेल, तर तोही पर्याय शेअर करताना मिळतो.

जोडून घेणाऱ्यानेही पत्ता कुणाकडून आला आहे हे पाहावं. आयफोनवर एखाद्या संकेतस्थळावर नकळत बोट लागून फसवं कॅलेंडर जोडलं जातं आणि मग ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असल्या नोंदी येऊ लागतात. घाबरून त्यांतल्या दुव्यावर जाऊ नये. ती नोंद उघडावी, तळाशी सबस्क्रिप्शन बंद करण्याचा पर्याय असतो तो दाबावा, की पूर्ण कॅलेंडर निघून जातं.

मागायला शिकू या

आपल्या गावातल्या किती संस्था तारखांवर चालतात ते पाहा. शाळेच्या परीक्षा आणि पालकसभा, नाट्यगृहाचे प्रयोग, सोसायटीची पाण्याची टाकी धुण्याचा दिवस, रक्तदान शिबिरं, आरोग्य केंद्राचे लसीकरणाचे वार, भजनी मंडळाचा सप्ताह. या सगळ्यांचं वेळापत्रक कुणीतरी मेहनतीने तयार करतं, आणि मग त्याचा फोटो काढला जातो. त्या क्षणी त्या मेहनतीचं आयुष्य संपतं. घरात मग कुणीतरी एक बाई हे सगळे फोटो डोक्यात साठवते आणि बाकीचे तिला विचारत राहतात.

संस्थांना यासाठी नवा खर्च नाही. खातं उघडायचं, कॅलेंडर सार्वजनिक करायचं, त्याचा पत्ता आणि क्यूआर कोड निमंत्रणपत्रिकेवर, पावतीवर, प्रवेशद्वाराच्या फलकावर छापायचा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी फळा आणि छापील पत्रिका चालू ठेवायच्या. त्या कधीही बंद करू नयेत. आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एका माणसाने बसून पुढच्या नोंदी तपासायच्या. हे साधन बंद पडतं ते तंत्रामुळे नाही, लिहिणं थांबल्यामुळे. रिकामं कॅलेंडर लोक एकदा पाहतात, दोनदा पाहतात आणि पुन्हा फोटोकडे वळतात.

वाचकांनाही एक काम आहे. पुढच्या वेळी शाळेकडून, सोसायटीकडून किंवा एखाद्या मंडळाकडून वेळापत्रकाचा फोटो आला, की नम्रपणे विचारा: याचं कॅलेंडर जोडता येईल का? एकाने विचारलं तर कार्यवाह हसून सोडून देतील. दहा जणांनी विचारलं तर ते कुणाला तरी शोधतील. त्यांना कुणी मिळालं नाही, तर जवळच्या वाचनालयात पाठवा. वाचकाचा वेळ वाचवायचा तर गावाचाही वाचवला पाहिजे, आणि हे काम आम्हा ग्रंथपालांचं आहे असं मी मनापासून मानते.